१२९६ची स्वारी, १६५०ची हत्यारं: एका मंडळाच्या शस्त्रनिवडीचं प्रकरण

दौलताबाद किल्ल्याच्या आसपासच्या एका गावातलं हे मंडळ. लाठीकाठी आणि दांडपट्ट्यात पोरं-पोरी तयार आहेत. शिवजयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा खेळ सुरू झाला की गर्दी आपोआप मागे सरकते. या खेपेला चैत्रातल्या जत्रेत त्यांना ‘देवगिरीवरची स्वारी’ उभी करायची होती. देवगिरी हे दौलताबादचंच जुनं नाव. अल्लाउद्दीन खिलजी, देवगिरीचा राजा रामदेवराय यादव, किल्ल्याचा वेढा आणि शेवटी वीसेक मिनिटांची लढाई. स्क्रिप्ट तयार होती, पोस्टर छापायला निघालं होतं. मला बोलावलं ते सनावळ्या तपासायला. मी म्हटलं, सनावळ्या नंतर बघू, आधी हत्यारं दाखवा.

समाजमंदिराच्या फरशीवर सतरंजी टाकून त्यांनी सगळं मांडलं. दांडपट्टे, चकतीच्या मुठीच्या वक्र तलवारी, पितळी पत्र्याच्या ढाली, दोन कट्यारी, एक वाघनख, नाकासमोर सरकती पट्टी असलेली शिरस्त्राणं आणि एका कोपऱ्यात लाकडी कुंद्याची खोटी ठासणीची बंदूक. बंदूक कशाला, असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघून हसले. ती नाटकाची होती, चुकून आली होती म्हणे.

बंदूक बाजूला ठेवली तरी उरलेलंही १२९६मधलं नव्हतं. दांडपट्टा ठळकपणे दिसतो तो सोळाव्या-सतराव्या शतकात. मुठीच्या टोकाला गोल चकती असलेली तलवार आपण ‘आपली जुनी तलवार’ म्हणून ओळखतो, पण ती घडण मुघल आणि दखनी सल्तनतींच्या काळातली. सरकत्या नाकपट्टीचं शिरस्त्राण इराणी वळणाचं, तेही त्याच काळातलं. वाघनख म्हटलं की १६५९ साल आणि प्रतापगड आठवतो. एक पातं ‘फिरंग’, म्हणजे फिरंग्यांकडून आलेलं युरोपी पातं, म्हणून त्यांनी कौतुकाने दाखवलं. पोर्तुगीज कालिकतला उतरले १४९८मध्ये, म्हणजे रामदेवरायानंतर दोन शतकांनी. कट्यारीवर वाद घालता आला असता, पण त्यांच्या कट्यारींवर वेलबुट्टीची मुघल नक्षी होती, त्यामुळे तो वादही टळला.

पोस्टरवर चांदमिनार होता. तो पंधराव्या शतकातला, बहमनी. स्क्रिप्टमध्ये अल्लाउद्दीनला पहिल्या प्रवेशापासून ‘सुलतान’ म्हटलं होतं. देवगिरीवर आला तेव्हा तो कडा प्रांताचा सुभेदार होता, सुलतान जलालुद्दीनचा पुतण्या आणि जावई. परत गेल्यावर त्याने काकाला मारलं आणि मग तख्त घेतलं. ही दुरुस्ती पेनाने झाली. हत्यारांची होणार नव्हती.

मंडळाच्या म्होरक्याचा प्रश्न सरळ होता. “सर, पट्टाच नाही म्हणल्यावर लोकं बघतील काय?”

प्रश्न रास्त होता. पट्टा हे त्यांचं हुकमी पान. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या: साल हत्याराजवळ न्यायचं किंवा हत्यार सालाजवळ आणायचं. पहिली वाट स्वस्त. १६२४ची भातवडीची लढाई घेतली असती तर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या फौजेत यांचा बराचसा माल खपून गेला असता. अंबरने वसवलेली खडकी म्हणजेच आजचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हा गोष्टही आपल्याच मुलखाची. मी तसं सुचवलं. पोरं ऐकेनात. रोज सकाळी जो डोंगर दिसतो त्याची गोष्ट करायची, यावर ती ठाम होती. मग दुसरी वाट.

इथून पुढे मी एकच नियम धरला. प्रत्येक वस्तू उचलायची आणि विचारायचं: ही कोणाच्या हातातली, त्या माणसाची ऐपत काय आणि हे त्या काळात कुठे दिसतं? ‘यादवांची तलवार कशी होती’ हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. मांडलिकाच्या पदरी असलेल्या, गावाकडून आलेल्या पायदळी माणसाची तलवार कशी, किंबहुना त्याच्याकडे तलवार होती तरी का, हा खरा प्रश्न. हौशी मंडळं इथेच घसरतात. सगळ्यांना सरदार व्हायचं असतं. पंचवीस जणांच्या खेळात चोवीस सरदार आणि एक भालदार.

या प्रश्नाने स्क्रिप्टही बदलली. वेढा दाखवायचा तर घोडदळ हवं, दोर हवेत, तटबंदी हवी. किल्ल्यात खेळ करायचा विचार तर आधीच बारगळला होता. तो केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, १९५८च्या कायद्याखाली येतो, तिथे परवानगीशिवाय काही करता येत नाही. शिवाय आज दिसणारे तट आणि तोफा बऱ्याचशा यादवांनंतरच्या. मग आम्ही इसामी या चौदाव्या शतकातल्या इतिहासकाराकडे वळलो. इसामीचं घराणं मुहम्मद तुघलकाने १३२७मध्ये दिल्लीहून दौलताबादला हलवलेल्यांपैकी. त्याने १३५०मध्ये पुरा केलेला फारसी इतिहास याच मुलखात बसून लिहिला. त्यात देवगिरीच्या अलीकडे लाजौऱ्याच्या घाटात झालेल्या चकमकीचा उल्लेख आहे. यादवांचा मांडलिक कान्हा तिथे अल्लाउद्दीनला अडवतो आणि त्याच्या बाजूने दोन स्त्रिया वाघिणींसारख्या लढतात. कान्हा हरतो. यादवांचं मोठं सैन्य तेव्हा रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव याच्याबरोबर बाहेर होतं, त्यामुळे घाटात कान्हाची तुटपुंजी फौज उभी असणं नाटकाच्या दृष्टीनेही पटतं.

मंडळाला हे मानवलं, त्याचं कारण इतिहासापेक्षा वेगळं होतं. लाठीत सगळ्यात तयार होत्या त्या दोन मुली, आणि आधीच्या स्क्रिप्टमध्ये त्यांना आरतीचं ताट धरून उभं केलं होतं.

आता पुरावा. यादवकाळासाठी आपल्याकडे सगळ्यात हाताशी असलेला पुरावा म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. मराठवाड्यात फार लांब जावं लागत नाही. गावच्या मारुतीच्या पारावर, शेंदूर फासलेला, कधी उलटा रोवलेला एखादा सापडतोच. त्याची रचना बहुतेक ठरलेली: खालच्या पट्टीत लढाई आणि मरण, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्र-सूर्य. आम्हाला कामाची खालची पट्टी. पोरांना मी मोबाइलवर फोटो काढायला लावले, तेही उन्हं कलल्यावर, कारण तिरप्या उजेडात झिजलेली रेघही उठून दिसते. मग मोठं करून बघायचं. ढाल कुठे धरली आहे? मूठ बाहेर आहे की ढालीमागे? कमरेला काय खोचलं आहे? डोक्यावर काय आहे?

बहुतेक वीरांच्या डोक्यावर काहीच नव्हतं. केसांचा अंबाडा, आखूड काचा, उघडी छाती, हातात ढाल आणि आखूडसर सरळ पातं किंवा भाला, कमरेला सुरा. कोल्हापुरी फेटा नाही, बाराबंदी नाही, चुडीदार नाही. पण वीरगळाला फोटो समजायचं नाही, हेही तितकंच बजावलं. शिल्पी वीराला वीरासारखं दाखवतो. उघडी छाती हा संकेत असू शकतो. ढालीचा आकार दगडात बसेल तेवढा असतो. दहा दगडांवर दिसलं तर धरायचं, एकावरच दिसलं तर सोडायचं, असा व्यवहार ठेवला. त्याला जोड म्हणून औंढा नागनाथ, धारासूर आणि होट्टल इथल्या मंदिरांवरची शिल्पं पाहिली. तिथे देव आणि द्वारपाल जास्त, पण हत्यार धरायची पद्धत कळते.

कान्हाच्या बाजूचं मुख्य हत्यार यातून भाला ठरलं. भाला गरिबाचं हत्यार आहे. लोखंड तळहाताएवढं लागतं, उरलेलं वेळूचं. आणि या पोरांच्या हाताला लाठी आधीच बसलेली. पवित्रा, फिरकी, अंतर राखणं, सगळं भाल्याला चालतं. फक्त गरागरा फिरवण्याची सवय मोडावी लागली. घाटाच्या तोंडाशी दाटीने उभे राहिलेले भालकरी लाठी फिरवत नाहीत. ते टोक पुढे रोखून उभे राहतात. सरावाला भरीव वेळू घेतला. पोकळ बांबू फुटला की त्याच्या चिरफळ्या होतात आणि एखादी डोळ्यात जायला वेळ लागत नाही. वेत मिळाला तर उत्तम. तो फुटताना पिंजतो, चिरफळत नाही. आमच्याकडे वेत कमी होता, म्हणून ज्या काठ्यांवर प्रत्यक्ष वार झेलायचे तेवढ्याच वेताच्या केल्या. भाल्याचं पातं टायरच्या रबराचं कापून, वर राखाडी रंग.

तलवारी मोजक्यांनाच दिल्या, पण त्यांनीच जास्त वेळ खाल्ला. जुन्या शोभेच्या तलवारींपैकी एकीची मूठ आम्ही उघडली. बाहेरून दोन बोटं रुंद असलेलं पातं मुठीत शिरताना पेन्सिलीएवढ्या सळईत संपत होतं, आणि ती सळईसुद्धा पात्याला वरवर वेल्डिंगने चिकटवलेली. पातं गंज न चढणाऱ्या पोलादाचं. ते सुरीला ठीक. एवढ्या लांबीत ते आघाताने तडकतं. एक तलवार लोहारमामांनी निंबाच्या ओंडक्यावर दोनदा आपटली. तिसऱ्या वेळी मूठ हातात राहिली आणि पातं भिंतीकडे गेलं. त्यानंतर तलवारींबद्दल मला कोणाशी हुज्जत घालावी लागली नाही.

नवीन पाती मामांनीच घडवली, ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून. ते स्प्रिंगचं पोलाद असतं. नीट पाणी दिलं तर वाकून परत सरळ होतं. तापवून तेलात विझवलं की पातं कडक पण ठिसूळ होतं, म्हणून पुन्हा मंद आचेवर निळसर छटा येईपर्यंत तापवायचं. मग शिकंज्यात टोक धरून वाकवून बघायचं. वाकलेलं राहिलं तर मऊ, तुटलं तर कडक, सरळ झालं तर पास. धार द्यायचीच नाही. कड २ ते ३ मिलिमीटर जाड आणि गोलसर, टोक नाण्याच्या कडेसारखं वळवलेलं. वजनावरून मात्र मामा आणि पोरं दोघांनाही समजवावं लागलं. जुनी तलवार पाच-सात किलोची होती, हे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. एका हाताची लढाऊ तलवार साधारण १ ते दीड किलोच्या आसपास असते. त्याहून जड झाली की हात वेळेवर थांबत नाही, आणि खेळात हात थांबणं हेच कसब.

पातं सरळ, टोकाकडे किंचित रुंद, मूठ साधी. पुढच्या काळातल्या खांड्याला असते तशी हाताला झाकणारी मोठी पिंजरी मूठ घेतली नाही. जुन्या पद्धतीत पातं मुठीत लाखेने बसवत. ते आम्ही केलं नाही. लाख उष्णतेने मऊ होते, आणि चैत्रातल्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या हत्यारावर मी तरी भरवसा टाकणार नाही. आत आरपार दोन रिव्हेट मारून वर चामडं गुंडाळलं. बाहेरून कळत नाही.

ढाली बुरडाकडून करून घेतल्या. बांबूच्या कामटीची विणलेली घुमटाकार ढाल, वर म्हशीचं कातडं ओलं असताना ताणून बसवलेलं. पाठीमागे दोन वाद्या मुठीत धरायच्या, बोटांच्या सांध्यांखाली कापडी गादी. प्लायवूडची चकती स्वस्त पडली असती, पण सपाट ढालीवरून वार घसरत नाही; तो मनगटात बसतो. कोणीतरी काळविटाच्या शिंगांचा मडू (शिंगं जोडलेली छोटी ढाल) आणायची तयारी दाखवली. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ते प्रकरण थेट पोलिसांत जातं, म्हणून जागच्या जागी थांबवलं.

उघड्या छातीने वार झेलायचे कसे, हा प्रश्न उरलाच होता. इथे मराठवाड्याचा माल कामी आला. कापूस भरून टाचलेला अंगरखा हे हिंदुस्थानात साध्या शिपायाचं चिलखत म्हणून दीर्घकाळ चाललं. लोखंडी कड्यांचं चिलखत परवडणारे थोडे. गावात वाकळ शिवणाऱ्या दोन मावशी होत्या. त्यांना सांगितलं, बिनबाह्यांची अंगी हवी, मांडीच्या मध्यापर्यंत, जुन्या सुती लुगड्यांचे थर, मधे सरकी काढलेला कापूस. एका मावशीने नमुना हातात घेऊन दाबला आणि विचारलं, “मार कुठं बसतो जास्ती? खांद्यावर का बरगडीत?” बरगडीत, म्हटल्यावर तिने तिथे धाव दोऱ्याच्या ओळी जवळजवळ घातल्या. टाका जवळ आला की थर दाबून घट्ट होतो, कापूस सरकून खाली गोळा होत नाही. खांद्याशी ओळी लांब ठेवल्या, हात वर जायला हवा म्हणून. एवढं नेमकं काम मला पुस्तक वाचून सांगता आलं नसतं. गुंड्यांऐवजी बंद लावले. रंग हळदी-तांबूस. अंगी घातल्यावर पोरं घामाने भिजत होती, म्हणून लढाई दिवस कलल्यावर ठेवली आणि दर फेरीनंतर पाण्यासाठी माघार लिहून टाकली. माघार नाटकातही शोभली.

दोघी मुलींचा पोशाख तसाच: काचा मारलेलं लुगडं, वर तीच अंगी, केसांचा अंबाडा. नथ आणि चंद्रकोर काढायला लावली. नथ यादवकालीन शिल्पात दिसत नाही. चंद्रकोरीवरून जरा रुसवाफुगवी झाली.

दिल्लीच्या बाजूने लढणाऱ्यांचं थोडक्यात उरकतो. तुर्की वळणाचा लांब डगला, कमरेला पट्टा, गुडघ्यापर्यंत चामडी जोडे, किंचित वक्र तलवार, कमानदार आखूड धनुष्य पाठीवर. चिलखत फक्त दोघांना. निमुळतं शिरस्त्राण दीड मिलिमीटर पत्र्याचं, आत स्पंजची गादी. घोडे नव्हते, घाट चढताना स्वार उतरलेत असं दाखवलं. हिरवा चांदताऱ्याचा झेंडा स्क्रिप्टमध्ये होता, तो काढला. तो त्या काळचा नाही, आणि गावच्या जत्रेत त्याचा अर्थ १२९६पुरता राहत नाही. समोरच्या बाजूला भगव्याऐवजी यादवांचं सुवर्णगरुडाचं निशाण दिलं. यावर थोडी कुरबुर झाली, पण ताम्रपटांतल्या बिरुदांत ‘सुवर्णगरुडध्वज’ येतं म्हटल्यावर निवळली.

काही ठिकाणी आम्ही जाणूनबुजून काळ मोडला. हातमोजे त्यातले एक. हौशी तलवारबाजीत आधी बोटं जातात. म्हणून मातकट चामड्याचे जाड मोजे सगळ्यांना सक्तीचे. वीरगळावर मोजे नाहीत, माहीत आहे. मुंडाशाखाली कडक टोपी, काच्याखाली नडगीचं पॅड, तोंडात दातांचं रबर: हे झाकलेलं, त्यामुळे त्यावर चर्चाच नाही. मोजे झाकता येत नव्हते, म्हणून निवेदकाने सुरुवातीलाच सांगून टाकलं. मला हे बरं वाटतं. सगळं अस्सल असल्याचा आव आणण्यापेक्षा काय तडजोड केली ते बोलून मोकळं व्हावं. वार खांद्याखालीच, तोंडाकडे टोक न्यायचं नाही, बाण सोडायचा नाही, एवढे नियम मात्र तोडले की गडी बाहेर.

कागदपत्रांचं काम जत्रेच्या आधी केलं. २०१६च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, आणि जमावबंदीचा आदेश असला तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली ती जवळ बाळगणंच अडचणीचं. पातं बोथट आहे हे लांबून कोणाला दिसत नाही. म्हणून प्रत्येक हत्याराचा फोटो, संख्या आणि ‘बिनधार’ असा शेरा लिहून ठाण्यात अर्ज दिला. नेण्या-आणण्याला कुलपाची पेटी आणि एकच जबाबदार माणूस.

तळावरच्या दृश्यात एक गंमत झाली. शिपाई जेवायला बसतात तिथे पोरांनी भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली होती. मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिकेतून आलेले, पोर्तुगीजांच्या वाटेने. १२९६मध्ये मराठवाड्यात ठेचा नव्हता, हे ऐकून जो सन्नाटा पसरला तो पट्टा काढल्यावरही पसरला नव्हता. ज्वारीची भाकरी, ताक आणि मिरे घातलेलं वरण यावर तडजोड झाली. पडद्यामागे ठेचा होताच.

खेळ झाला. दोघांच्या दंडावर वळ उठले, एक वेळू मधोमध पिचला, एका ढालीची वादी तुटली. तलवारी आणि बोटं शाबूत राहिली. लोकांनी सगळ्यात जास्त दाद दिली ती त्या दोघींनी घाटाचं तोंड अडवलं तेव्हा. काही म्हाताऱ्यांनी तक्रार केली की लढाई ‘साधी’ दिसली, चमकधमक नव्हती.

पट्ट्याचं काय झालं? तो लढाईनंतर, वेगळ्या खेळात, त्याच्या सालासकट आला: ‘हे साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं हत्यार’ असं जाहीर करून. पट्ट्याची मूठ हात झाकणारी असते, मनगट वळत नाही आणि लांब लवचीक पातं अर्ध्यात थांबवता येत नाही, म्हणून समोरासमोरच्या खेळात तो मी तसाही येऊ दिला नसता. लिंबू कापण्यावर भागलं आणि टाळ्या तिथेही पडल्या.

पुढच्या जत्रेसाठी दोन गोष्टी बाकी आहेत. कान्हाच्या बाजूला लांब बांबूचं धनुष्य हवं आणि ते ओढून दाखवता येण्याइतका सराव हवा. सध्या एकजण ते लाठीसारखं धरतो. आणि लोहारमामांना भाल्याची खरी, बोथट लोखंडी पाती करायची आहेत. त्यांना मी अजून होकार दिलेला नाही. रबराच्या पात्यांनीही वळ उठतात, ते आधी कमी व्हायला हवेत.